पटावरचं नाव

"घरी येऊन शिकवतो असं कुणी म्हणालं ना मेघा, तर त्याला चहा पाज आणि लावून दे. सही करू नगंस."

नसीमाभाभी मुलाणी आमच्या वाडीची अंगणवाडी चालवायची. पायरीवर सूप घेऊन ती तांदूळ निवडत होती आणि मी शर्वरीला कडेवर घेऊन उभी होते. शर्वरीचा अंगणवाडीतला तो शेवटचा दिवस. तीन वर्षं भाभीनं तिला भिंतीशी लोड लावून, पुढं फळी आडवी टाकून बसवलं होतं. जूनपासून ती पलीकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत जाणार होती.

मी विचारलं, का नको सही? सरकारच शिक्षक घरी पाठवणार असेल तर वाईट काय त्यात?

"पोर वर्गातनं उठलं की बाकीची सरकून बसत्यात," भाभी म्हणाली. "मग तिथं जागा होती हेच कुणाच्या ध्यानात राहत नाही."

मी हसले. मी बीएस्सी झालेली, विट्याच्या कॉलेजात प्रॅक्टिकलला पहिली येणारी. दहावीवर अंगणवाडीला लागलेल्या बाईनं मला सरकारी योजना शिकवाव्यात याचं मला हसू आलं, आणि ते तिला दिसलं. "तू बीएस्सीवाली बाई. मी आपली खिचडी ढवळणारी," असं म्हणत तिनं खडा उचलून अंगणात फेकला. विषय तिथंच संपला.

शर्वरी जन्मली तेव्हा बराच वेळ रडली नव्हती. तिचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, हात स्वतःच्या मर्जीनं हलतात. डॉक्टर त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. शब्द तिला विहिरीतून बादली ओढावी तसा ओढून काढावा लागतो. समज मात्र पुरती आहे. कोण कुणावर रुसलंय, कुणाच्या घरी पाहुणे आलेत, हे वाडीत सगळ्यांत आधी तिला कळायचं.

पहिलीत ती दोन महिने गेली. मी सकाळी उचलून न्यायचे. लोहार सरांनी तिला पहिल्या बाकावर बसवलं होतं आणि माझी ओढणी तिच्या पोटावरून मागच्या फळीला बांधली होती. शाळा चार वर्गांची, शिक्षक दोन. ऑगस्टमध्ये एका दुपारी सर फोन आला म्हणून व्हरांड्यात गेले. शर्वरी मागच्या कुणाच्या तरी हसण्याकडे वळायला गेली आणि बाकासकट पालथी झाली. हनुवटीला तीन टाके पडले.

त्याच संध्याकाळी लोहार सर घरी आले. माणूस वाईट नव्हता. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पुढं केलेला पाण्याचा तांब्या त्यांनी तोंडाला न लावताच खाली ठेवला. "आज हनुवटी होती, ताई. उद्या डोकं फुटलं तर मी कुणाला तोंड दाखवू?" एवढंच ते बोलले. पुढचं सगळं त्यांच्याबरोबर आलेल्या भाग्यश्री खोतनं सांगितलं. ती अपंग मुलांसाठीची फिरती शिक्षिका, कंत्राटावरची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. नाव शाळेतच राहील, पुस्तकं आणि गणवेश घरी येतील, मी मंगळवारी आणि शुक्रवारी येऊन शिकवीन, असं तिनं सांगितलं आणि संमतीपत्र माझ्यापुढं ठेवलं.

मी ते वाचलं. न वाचता सही केली असं मला म्हणता येणार नाही. 'पालकाच्या इच्छेनुसार गृहाधारित शिक्षण' असं त्यावर लिहिलं होतं, आणि त्या संध्याकाळी माझी खरंच तीच इच्छा होती. मी तीन टाके घालताना पाहिले होते. चौथा मला पाहायचा नव्हता.

पहिले दोन महिने भाग्यश्री वेळेवर आली. मणी ओवायला लावायची, रंगांचे ठोकळे आणायची. शर्वरी तिच्या स्कूटीचा आवाज पिठाच्या गिरणीपासून ओळखायची. मग स्कूटी बिघडली, मग प्रशिक्षण निघालं, मग कसला तरी सर्व्हे आला. तिच्याकडे अकरा गावांतली एकोणीस मुलं होती. दिवाळीनंतर एकदा ती दीड महिन्यानं उगवली. चेहरा उन्हानं रापलेला, हातात भेटींची नोंदवही.

"ताई, सह्या राहिल्यात."

एकाखाली एक अकरा तारखा होत्या. मी चहाचं आधण ठेवलं आणि सह्या केल्या. दारात आलेल्या माणसाला, तेही पोटासाठी दमून आलेल्या पोरीला, नाही कसं म्हणायचं? सह्यांच्या शेजारी 'प्रगती' नावाचा रकाना होता. तो तिनंच माझ्यापुढं सरकवला. तुमचं अक्षर छापल्यासारखं आहे, शिवाय शर्वरीला तुमच्याइतकं कोण ओळखतं, तुम्हीच भरा ना, म्हणाली.

मी लिहिलं, 'रंग ओळखते.' ते खरं होतं. 'दहापर्यंत अंक म्हणते.' तेही जवळपास खरं होतं. पुढच्या वेळी लिहिलं, 'अक्षरं ओळखते.' त्याच्या पुढच्या वेळी, 'दोन अक्षरी शब्द वाचते.' दोन वर्षं हे चाललं. भाग्यश्री वर्षाकाठी चार-पाच वेळा यायची आणि पन्नास भेटी लिहून जायची. आमच्याकडे थालीपीठ खायची, आत्या तिच्या डब्यात लोणचं द्यायच्या. ते लिहिण्यात मला बरंही वाटायचं, हे कबूल करते. त्या वहीत एक शर्वरी होती, ती भराभर पुढं चालली होती.

घरची शर्वरी मात्र माझ्याकडून एक अक्षर घ्यायला तयार नव्हती. मी पाटी घेऊन बसले की ती मान फिरवायची. "शा-ळेत," म्हणायची. शेजारची तनुजा तिच्याच वयाची. ती रोज संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर बसून मोठ्यानं धडे वाचायची, आणि शर्वरी तिच्या तोंडाकडे बघत राहायची.

तिसरीचं वर्ष सुरू झालं त्या ऑगस्टमधली गोष्ट. आत्या बँकेत गेल्या होत्या. मी मागं गोठ्यात वैरण टाकायला गेले, फार तर अर्धा तास. परत आले तर अंथरूण रिकामं. घरात, न्हाणीत, चुलीपाशी, कुठंच नाही. मी अनवाणी धावले. ती मला गिरणीच्या पुढं सिमेंटच्या रस्त्यावर सापडली. कोपरांवर सरपटत निघाली होती. दोन्ही कोपरं सोलून निघालेली, फ्रॉक पोटावर फाटलेला. गिरणीवाल्याला वाटलं होतं पोरगी खेळतेय.

कुठं निघाली होतीस विचारलं तर तिला तो शब्द काढायला किती वेळ लागला.

"ह-जे-री."

त्याचा उलगडा तनुजानं केला. सर रोज हजेरी घेतात. शर्वरी पिसाळ म्हटलं की वर्गातली सगळी मुलं मिळून 'हजर' म्हणतात. मजा येते, म्हणाली. ती हे रोज येऊन शर्वरीला सांगायची, मैत्रिणीला बरं वाटावं म्हणून. आणि शर्वरीला वाटत होतं की आपल्याला रोज बोलावतात आणि आपणच जात नाही. चूक आपली आहे.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. लोहार सरांनी आवाज चढवला नाही. हजेरीपट उघडूनच दाखवला. शर्वरी धरून वीस मुलं होती. वीसच्या आत पट गेला तर शाळेचं काय होईल, एक शिक्षक उचलतील की शाळाच बंद करतील, याची तालुकाभर चर्चा होती, आणि सर त्या भीतीत जगत होते. ती पटावर आहे म्हणून ही शाळा उभी आहे असं समजा, म्हणाले.

"मग तिला वर्गात का नाही बसवत?"

त्यांनी मला चार पायऱ्या दाखवल्या. स्वच्छतागृहाचं अरुंद दार दाखवलं. उचलायला मदतनीस कुठाय, विचारलं. शेवटी म्हणाले, तुम्ही स्वतः घरचा पर्याय निवडलाय. तो बदलायचा तर वरून लेखी आणा, मी तिला डोक्यावर बसवून आणतो. लेखी नसताना ती पुन्हा पडली तर माझं काय?

मी मोबाइलवर कायदा शोधून वाचला. २०१६ चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा. सहा ते अठरा वर्षांच्या अशा मुलाला शेजारच्या शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे, कलम एकतीस. घरी शिकायचा पर्याय असतो तो मुलाचा आणि आईबापाचा, शाळेच्या सोयीचा नाही. मी सगळं वहीत उतरवून काढलं आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज केला.

घरात कुणाला हे रुचलं नाही. रणजित, माझा नवरा, खासगी डेअरीच्या टँकरवर ड्रायव्हर. दोन दिवसांनी घरी आला तेव्हा अर्जाची प्रत त्यानं उभ्याउभ्या वाचली. "तुझ्या सह्या किती हायत त्या वहीत, मोजल्यास का? आमदार करत नसंल एवढ्या." आत्यांचं म्हणणं वेगळं होतं. शाळा बंद झाली तर गाव आपल्याला दारात उभं करणार नाही, आणि लेकीला तरी काय मिळणार? त्यांचं चूक नव्हतं. पण शर्वरी आता जेवेना झाली होती. दाराला कडी लावली की तिला कळायचं की ती तिच्यासाठी लावलीय. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची आणि तनुजा आली तरी वळायची नाही. तिचे जे आठ-दहा शब्द होते तेही आटत चालले. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, बोलणं थांबू देऊ नका, या वयात गेलं तर परत येणं कठीण.

सुनावणी सप्टेंबरात, गुरुवारी अकरा वाजता, पंचायत समितीत. रणजितला सुट्टी मिळाली नाही. शेवटी आत्याच नवी साडी नेसून जीपपाशी येऊन उभ्या राहिल्या. पोरीला एकटी कशी सांभाळशील, एवढंच म्हणाल्या. जीपमध्ये मी शर्वरीला सांगितलं की साहेब काही विचारतील, नीट बोल, मग शाळेत घेतील. असं मी का सांगितलं कोण जाणे.

तिथल्या व्हरांड्यात भाग्यश्रीनं मला बाजूला घेतलं. तिच्या पर्सला स्कूटीची किल्ली अडकवलेली होती, ती तिला नखानं खरवडत होती. "ताई, वहीचं काही काढू नका. पर्याय बदलायचाय एवढंच म्हणा. मी पण हो म्हणते. माझं कंत्राट मार्चला संपतंय." मी तिला शब्द दिला. मलाही वाटलं, तेवढ्यावर काम भागेल. तिची भाकरी कशाला काढून घ्यायची?

गटशिक्षणाधिकारी वाघमोडे साहेब सौम्य माणूस निघाले. शर्वरीला बसता येईल अशी हाताची खुर्ची त्यांनी स्वतः ओढली. समोर एका बाजूला लोहार सर, दुसऱ्या बाजूला भाग्यश्री, टेबलावर ती वही. मी कलम एकतीस म्हणाले. त्यांनी मान डोलावली.

"कायदा मलाही पाठ आहे, ताई. पण तुमच्या मुलीला तिचा हक्क मिळतोय असं माझ्यापुढचे कागद सांगतात."

मग त्यांनी वही वाचायला घेतली. तारीख, सही, प्रगती. दोन अक्षरी शब्द वाचते. सोपी वाक्यं वाचते. गोष्ट ऐकून उत्तरं देते. माझी वाक्यं त्यांच्या आवाजात ऐकताना माझे कान तापले. अक्षर कुणाचं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझं.

"सुरेख आहे. माझ्या तालुक्यातली तिसरीची धडधाकट पोरं एवढं वाचत नाहीत. ही वही मी त्यांच्या गुरुजींना दाखवायला पाहिजे." लोहार सर खाली बघून हसले. साहेब हसले नाहीत. "शाळेत असताना ही पडली, तीन टाके पडले. घरात असताना ही वाचायला शिकली. आता हिला घरातून काढून शाळेत घाला असा आदेश मी काय आधारावर काढू? उद्या हिला काही झालं तर हीच वही माझ्यापुढं येणार."

मी म्हटलं, तिला मुलांमध्ये बसायचंय. तेही तुम्ही वहीत लिहिलंय, ते म्हणाले, 'शेजारच्या मुलांमध्ये मिसळते.' मी पुन्हा कलम म्हणाले. त्यांनी पुन्हा मान डोलावली.

मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, ते म्हणाले, आपण बाळालाच विचारू. कपाटातून त्यांनी पहिलीचं पुस्तक काढलं, पहिला धडा उघडला आणि शर्वरीच्या मांडीवर ठेवला. "वाचशील?"

शर्वरी खुर्चीत जेवढी ताठ होता येईल तेवढी झाली. तिनं बोट कसंबसं पानावर टेकवलं.

"घ-र," ती म्हणाली. "घ-रा-ला दा-र."

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"दा-रा-त मा-ठ. मा-ठा-त पा-णी."

चार ओळी संपायला चार-पाच मिनिटं लागली असतील. शिपाई चहा घेऊन आला होता, तो दारातच थांबला. धडा पुरा झाला तेव्हा लोहार सरांनी चष्मा काढून पुसला, आत्यांनी पदर डोळ्याला लावला, आणि वाघमोडे साहेब टेबलावरून वाकून म्हणाले, शाबास. शर्वरीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रस्त्यावर सापडली त्या दिवसानंतर ती पहिल्यांदा हसली. पास झाले ना, असं विचारत होती ती.

मी तिचं बोट पाहत होते. माठातलं पाणी म्हणताना ते बोट चित्रातल्या कोंबडीवर होतं. हा धडा तनुजानं आमच्या कट्ट्यावर पहिलीचं अख्खं वर्ष म्हटला होता.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. सध्याची व्यवस्था उत्तम चालू आहे, मी दर सहा महिन्यांनी स्वतः येऊन बघत जाईन, असं म्हणत ते लिहायला लागले. शर्वरी अजून माझ्याकडे बघत होती. भाग्यश्रीनं डोळे मिटून घेतले होते.

"साहेब, पान उलटा."

ते थांबले. काय म्हणालात, विचारलं.

"पुढचं पान वाचायला सांगा तिला."

आत्यांनी माझं मनगट धरलं. एवढ्या जोरात की बांगडी आत रुतली. साहेबांनी पान उलटलं. शर्वरीनं त्या पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पुन्हा पानाकडे.

"घ-र," ती म्हणाली.

"हे नाही बाळ. इथं बघ, इथं."

"घ-रा-ला..." तिथं ती थांबली. तिचे पाय कडक झाले, मान आक्रसली, पुस्तक मांडीवरून खाली पडलं. तिनं मला हाक मारली नाही. हात आत्यांकडे गेला. आत्यांनी तिला खुर्चीतून उचललं तसं तिनं तोंड त्यांच्या खांद्यात घातलं.

"तिला एक अक्षर येत नाही," मी म्हटलं. "वहीतलं सगळं मी लिहिलंय. मॅडम वर्षातून चार-पाच वेळा येत होत्या. सह्या मी दिल्यात. खोट्या दिल्यात."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना, विचारलं. मी हो म्हणाले. लेखी द्याल? मी दिलं. त्याच छापल्यासारख्या अक्षरात दीड पान. कुणी मला घाई केली नाही. भाग्यश्री मध्येच उठून बाहेर गेली आणि तिच्या स्कूटीचा आवाज आला.

आदेश शनिवारी निघाला. सोमवारपासून शर्वरीला वर्गात बसवायचं, महिनाभरात पायऱ्यांवर उतार करायचा, मदतनीस द्यायची. लोहार सरांना कारणे दाखवा नोटीस गेली. भाग्यश्रीचं कंत्राट मार्चपर्यंत थांबलं नाही. मला समज देऊन सोडलं.

हे सगळं नंतर. त्या गुरुवारी परत येताना आत्यांनी जीपमध्ये शर्वरीला स्वतःच्याच मांडीवर घेतलं. वाडीच्या फाट्यावर उतरताना म्हणाल्या, "लेकराला परीक्षेला बसवलंस, आणि पेपर तूच फाडलास."

नऊ दिवस शर्वरीनं माझ्याकडे पाहिलं नाही. आत्यांच्या हातून जेवायची, आत्यांकडून वेणी घालून घ्यायची. शाळेत मीच उचलून न्यायचे, तेव्हा मान पलीकडे करून असायची. लोहार सरांनी एका बाकाचे पाय स्वतः करवतीनं कापून तो तिच्या मापाचा केला होता. माझ्याशी ते त्यानंतर कामापुरतंच बोलले, पण तिला अक्षरं त्यांनीच शिकवली. आता ती आठवीत आहे, तालुक्याच्या शाळेत. वाचते. हळू, पण कुठलंही पान वाचते. त्या दिवसाबद्दल ती कधी बोललेली नाही, आणि मी विचारलेलं नाही.

मला सांगायचं होतं ते याच्या पुढं आहे.

आदेशानंतर महिन्याभरानं भाग्यश्री घरी आली. ती मला बोल लावायला आली असेल असं वाटून मी उंबऱ्याच्या आत उभी राहिले. ती पायरीवर बसली. चहा नको म्हणाली.

"साहेबांपुढं तुम्ही शर्वरीचंच सांगितलंत, ताई. बाकीच्यांचं नाही."

बाकीचे म्हणजे चौघे. हे मी त्या दीड पानात लिहिलं नव्हतं, आणि इतकी वर्षं कुणाला सांगितलेलंही नाही. माझं अक्षर चांगलं म्हणून भाग्यश्री तिच्या दुसऱ्या गावांतल्या चार मुलांच्या वह्याही माझ्याकडे आणायची. एकदम बसून मी त्या भरायचे. नावं वरवर वाचलेली, मूल एकही पाहिलेलं नाही. तिला मदत होतेय असं मला वाटायचं. ती म्हणाली की त्यातली तिघं आता चौकशीत सापडली, त्यांतली दोघं शाळेत जायला लागली. चौथी मात्र तिनं स्वतःही कधी पाहिली नव्हती. पहिल्याच भेटीला गेली तेव्हा घरी म्हातारे आजोबा होते. ते म्हणाले, पोरगी आईबापाबरोबर परमुलखात गेली, बाप गलाईच्या, सोनं गाळायच्या धंद्यात. आजोबांनी अंगठा दिला आणि तिनं तो घेतला. नंतर ते वारले. घराला कुलूप लागलं, तरी वहीत भेटी चालू राहिल्या.

"तुम्ही तिचं काय लिहिलं होतं, आठवतंय?"

मला आठवत होतं. 'हाक मारल्यावर वळून बघते. प्रगती समाधानकारक.' त्या वहीच्या पहिल्या पानावर अपंगत्वाचा प्रकार लिहिलेला होता, तो मी कधी उघडून पाहिला नव्हता. पायांत बळ नाही आणि ऐकू येत नाही, असा होता.

मी त्या गावी गेले. शेजारी सांगत होते की बाप सेलमला आहे, दुसरे म्हणाले विजयवाड्याला. दिलेला फोन बंद. तिच्या शाळेत गेले तर चौकशी होऊन तिचं नाव पटावरून कमी झालेलं. माझ्याच तक्रारीनं ती चौकशी लागली होती. आधी ती निदान कागदावर होती. साहेबांकडे दोनदा अर्ज केला, नंतर बालकल्याण समितीकडे केला. पत्त्याशिवाय कुणाला काही करता येत नाही, असं उत्तर आलं.

म्हणून हे लिहिलं. तुम्ही सेलमला असाल, विजयवाड्याला असाल, किंवा कुठल्याही परक्या शहरात, तर तिथल्या सराफ गल्लीत एखादं गलाईचं दुकान असेलच. सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारी आमच्या भागातली माणसं देशभर आहेत. बहुतेक दुकानाच्या वर नाहीतर मागं एका खोलीत संसार असतो. मराठीत हाक मारा, ती माणसं आनंदानं चहा देतील. चहा घ्या. मग विचारा की हसबे कुणी आहेत का, खानापूर तालुक्यातले, दिलीप हसबे. असले तर आतल्या खोलीत डोकवा. मुलगी आता पंधरा वर्षांची असेल. दारातून हाक मारून तिला कळायचं नाही, आत जाऊन तिच्यासमोर उभं राहावं लागेल.

कार्तिकी दिलीप हसबे. ती आहे का, एवढं बघून या.